परक्याच्या दृष्टीस पडलेले गाव

गेल्या मार्च महिन्यातील गोष्ट आहे. आठवीच्या वर्गास घेऊन आम्ही ताडोबाच्या अरण्यालगतच्या एका गोंड वस्तीच्या गावी एका दिवसाकरिता गेलो होतो. सकाळी दहाच्या सुमारास पोहोचलो आणि दुपारी चार वाजता ऊर्जानगरला परतलो. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ‘आम्ही पाहिलेले खेडे’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. त्यांपैकी एका हुशार विद्यार्थ्याचा निबंध आम्हांस फार आवडला. त्याने लिहिले होते की, त्या गावी दुकान नाही, घरांना खिडक्या नाहीत, आणि भरदुपारी धडधाकट माणसे उद्योग सोडून सावलीत निजलेली असतात. यास्तव त्या गावाची स्थिती सुधारत नाही, असा त्याने शेवटी निष्कर्ष काढला होता. भाषा शुद्ध, अक्षर वळणदार. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले आणि तो निबंध नमुना म्हणून वर्गास वाचून दाखविला.

शाळा सुटल्यावर शेवटच्या बाकावर बसणारी एक विद्यार्थिनी आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचे आजोळ अशाच एका गावी आहे, हे आम्हांस तोपर्यंत ठाऊकही नव्हते. खाली पाहत ती म्हणाली, “सर, हे मोहाचे दिवस आहेत. आमची माणसं पहाटे तीनला उठून जंगलात जातात. दुपारी नाही निजणार तर केव्हा निजतील?” एवढे बोलून ती निघून गेली.

तो निबंध लिहिणारा मुलगा तेरा वर्षांचा होता. त्याला नऊ गुण देणारे आम्ही मात्र चव्वेचाळीस वर्षांचे होतो. तेव्हा चूक कोणाची, हे निराळे सांगावयास नको. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे, आणि जे थोडेबहुत वाचून व विचारून कळले ते आमच्या विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख लिहीत आहो.

परक्या मनुष्याच्या प्रथमदर्शनात चूक कशी शिरते, हे आधी पाहू. आमच्या मते तिची कारणे तीन आहेत. पहिले कारण असे की, पाहणारा आपल्या घरचे माप बरोबर घेऊन जातो. आपल्याकडे जे आहे ते तेथे नसले की त्याची नोंद तत्काळ होते. परंतु तेथे जे आहे आणि आपल्याकडे नाही, त्याचे नावच आपणांस ठाऊक नसल्यामुळे ते डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. दुसरे कारण वेळेचे. पाहुणा दहा ते चार या वेळेत येतो. परंतु गावाचे काम त्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. एका ऋतूतील एक दिवस पाहून बारा महिन्यांविषयी मत बनविणे, हे पुस्तकाचे एक पान वाचून परीक्षेस बसण्यासारखे आहे. तिसरे कारण भाषेचे. गोंडी ही मराठीच्या नव्हे, तर तेलुगू, तमिळ इत्यादिकांच्या द्राविडी कुळातील भाषा आहे. गावास ती ‘नार’ म्हणते व देवास ‘पेन’. ज्याला हे दोन शब्दही येत नाहीत, त्याने त्या लोकांच्या मनातील विचार जाणल्याचा आव आणू नये.

आता या चुका साता समुद्रांपलीकडून आलेल्या माणसांकडून कशा घडल्या व त्यांतून ती कशी शिकली, याची दोन उदाहरणे आपल्या मध्य प्रांताच्या इतिहासात आहेत. जुन्या मिशनरी लोकांचा असा परिपाठ असे की, नव्या देशी आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच मायदेशीच्या मंडळ्यांस लांबलचक पत्रे लिहावयाची. ती पत्रे बहुधा घाईने लिहिलेली असत. परंतु ज्यांनी लेखणी आवरून धरली, त्यांच्याच लिखाणास आज मोल आहे.

पहिले उदाहरण रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजामुळे त्यांचे नाव आपल्या सर्वांस परिचित आहे. त्यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ साली ते नागपुरास आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठी शिकून घेतली व १८४६ साली शाळा काढली. भूगर्भशास्त्राचा त्यांना मोठा नाद होता. आपले सहकारी रेव्हरंड हंटर यांच्यासह त्यांनी नागपूर प्रदेशातील खडक व त्यांत दगड होऊन राहिलेल्या प्राचीन वनस्पती यांचा अभ्यास करून तो १८५५ च्या सुमारास विद्वानांपुढे मांडला. त्यांच्या नावावरून एका खनिजास ‘हिस्लोपाइट’ असे नाव पडले आहे.

परंतु आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. गोंड लोकांविषयी ते वर्षानुवर्षे माहिती जमवीत राहिले. त्यांचे शब्द टिपले, चालीरीती विचारल्या, आणि गोंडांचे परंपरागत गायक जे परधान, त्यांच्या तोंडून लिंगोची पुरातन कथा उतरवून घेतली. इतके असूनही तो सर्व संग्रह त्यांनी छापण्यास दिला नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परत येत असता, पुराच्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला. पुढे १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी ती टिपणे संपादून प्रसिद्ध केली. ज्या पुरुषाने या देशी येऊन अठरा वर्षे लोटली, त्याचा गोंडांविषयीचा ग्रंथ मृत्यूसमयी अपुराच होता. आणि आम्ही सहा तासांत निष्कर्ष काढून मोकळे झालो!

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. व्हेरियर एल्विन हे १९०२ साली इंग्लंडात जन्मलेले ऑक्सफर्डचे विद्वान १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. तेथे त्यांची शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती तरुणाशी मैत्री झाली. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी त्यांस गोंड लोकांत जाऊन काम करण्याचे सुचविले, आणि १९३२ च्या आरंभी हे दोघे मित्र मंडला जिल्ह्यातील मैकल डोंगरात करंजिया या गावी जाऊन राहिले. तेथील दैनंदिन जीवनाची एल्विन यांची रोजनिशी १९३६ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गावचे लोक एल्विन यांस ‘बडे भाई’ व शामरावांस ‘छोटे भाई’ म्हणत.

हे दोघे गेले ते आश्रमाचे नियम, खादी व सूतकताई बरोबर घेऊन. हेतू शुद्ध होता. तथापि तेथे राहिल्यावर एल्विन यांस दिसून आले की, ज्या डोंगरात कापूस पिकतच नाही, तेथे चरखा चालविण्याचा आग्रह धरणे हे त्या लोकांच्या जीवनाशी जुळणारे नाही. हळूहळू एकेक गृहीत गोष्ट त्यांनी सोडून दिली. १९३५ साली त्यांनी चर्चचाही निरोप घेतला आणि पुढील आयुष्य आदिवासी समाजाच्या अभ्यासात घालविले. १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले व १९६४ साली निवर्तले. शामरावांनीही परधानांविषयी एक साक्षेपी ग्रंथ लिहिला. तो १९४६ साली निघाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शामराव समुद्र ओलांडून आले नव्हते. ते आपल्याच महाराष्ट्रातले. तरीही त्या डोंगरात त्यांस एल्विन यांच्याप्रमाणेच पहिल्या धड्यापासून शिकावे लागले. तेव्हा परका होण्यास आगबोटीत बसावे लागते असे नाही. ऊर्जानगरच्या वसाहतीतून बसमध्ये बसून तासाभराच्या अंतरावर गेले, तरी मनुष्य परका होऊ शकतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या निबंधातील एकेक वाक्य घेऊन त्याची शहानिशा करू.

‘माणसे भरदुपारी निजलेली असतात.’ मोहाचे झाड मार्च-एप्रिलमध्ये फुलते. त्याची पिवळसर, गरदार व गोड फुले रात्री गळू लागतात आणि सकाळपर्यंत झाडाखाली त्यांचा सडा पडतो. ऊन चढण्यापूर्वी, आणि गुरे, हरणे व अस्वले येण्यापूर्वी ती वेचावी लागतात. यास्तव बायका, मुले व म्हातारीकोतारी टोपल्या घेऊन अंधारातच घर सोडतात. या अंधारात अस्वल किंवा वाघ समोर येण्याचा धोका असतो, आणि दरवर्षी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत या कामी काही जीव जातात. फुले घरी आणून अंगणात वाळत घालावयाची, वाळली म्हणजे साठवावयाची, गरजेप्रमाणे खावयाची वा विकावयाची. त्याच झाडाच्या टोळीपासून, म्हणजे फळाच्या बीपासून, पुढे तेल निघते. मोह संपतो न संपतो तो तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे पाने तोडावयाची, दुपारी घरात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे आणि सायंकाळी संकलन केंद्रावर नेऊन मोजून द्यावयाचे. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, याचा अर्थ हाताला काम नाही असा होत नाही. पावसाळ्यात त्याच गावी जावे, म्हणजे बांधीत गुडघाभर चिखलात वाकून पऱ्ह्यांची रोवणी करणारी तीच माणसे दिसतील.

‘घरांना खिडक्या नाहीत.’ आपल्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४६ अंशांच्या वर चढतो, हे येथील प्रत्येक मुलास अनुभवाने ठाऊक आहे. आपण खिडकी ठेवतो आणि मग तिच्यात वाळ्याची ताटी व पाण्याचा कूलर बसवितो. मातीची जाड भिंत, बुटके दार आणि खालपर्यंत उतरलेले छप्पर, हीच त्या घराची उन्हापासून संरक्षणाची व्यवस्था आहे. शिवाय रात्री रानाच्या बाजूस भिंतीत भगदाड असावे, असे वनात राहणाऱ्या कोणत्या गृहिणीस वाटेल? प्रकाश आणि हवा यांची जी खरी बैठक, ती घरात नसून अंगणात आहे. ते अंगण शेणाने सारविलेले व लखलखीत होते. आमच्यापैकी एकानेही त्याचा निबंधात उल्लेख केला नव्हता.

‘गावात दुकान नाही.’ हे खरे आहे, आणि मीठ-मिरचीकरिता आठवड्याच्या बाजारास पायी जावे लागते, हा त्रासही खरा आहे. परंतु त्या लोकांचे कोठार म्हणजे अरण्य. फुले, फळे, कंदमुळे, मध, बांबू, औषधी मुळ्या, पत्रावळीस पाने, असे पुष्कळसे तेथून येते. म्हणून त्या अरण्यावर हक्क कोणाचा, हा त्यांना जीवनमरणाचा प्रश्न वाटतो. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे एक लहानसे गोंड गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला; देशात हा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वत्र गाजली आहे. त्या गावी बहुमताने निर्णय होत नाही. सर्वांची संमती होईपर्यंत सभा पुनःपुन्हा भरते. एखादा पाहुणा अशा सभेच्या वेळी तेथे जाऊन पोहोचला, तर ‘झाडाखाली रिकामी माणसे गप्पा मारीत बसली होती’ असेच त्यास वाटेल. आणि आपल्या डोळ्यांदेखत राज्यकारभार चालला होता, हे त्यास कळणारही नाही.

येथे एक शंका निघेल. मग काय खेड्यात सर्व आलबेल आहे, आणि उणिवा दाखविणे हा अपराध आहे? तसे मुळीच नाही. हिवताप, कुपोषण, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, दूरची शाळा, ही दुःखे खरी आहेत. त्यांकडे डोळेझाक करणे ही सहानुभूती नव्हे. परंतु रोग बरा करू इच्छिणाऱ्या वैद्याने आधी रोग्याचे ऐकावे लागते. याचा एक उत्तम दाखला गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. आदिवासी लोक रुग्णालयास का भितात, असे त्यांनी त्या लोकांसच विचारले. तेव्हा कळले की मोठमोठ्या इमारतींत त्यांचा जीव घाबरतो. आणि पांढऱ्या वस्त्रात तर प्रेत गुंडाळतात, मग पांढरे कपडे घातलेली माणसे जीव कशी वाचवितील, असे त्यांस वाटते. म्हणजे पाहा, आपण त्यांच्या घराविषयी मत बनवितो, तसे त्यांनीही आपल्या दवाखान्याविषयी प्रथमदर्शनी मत बनविले होते! डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी खेड्यातील झोपड्यांसारखा दवाखाना उभारला आणि त्यास लोकांच्याच दंतेश्वरी मातेचे नाव दिले.

ऊर्जानगरच्या मुलांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या वीज केंद्रात १९८० च्या दशकापासून जो कोळसा जळतो, तो ज्या खडकांच्या थरांतून निघतो, त्यांस भूगर्भशास्त्रज्ञ ‘गोंडवन’ थर म्हणतात. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका ही भूमी कोट्यवधी वर्षांपूर्वी जोडलेली होती, त्या महाखंडासही याच शब्दावरून नाव मिळाले. गोंडवन म्हणजे गोंडांचा मुलूख. हा चांद्याचा परकोट गोंड राजांनी बांधविला, आणि सतराव्या-अठराव्या शतकाच्या संधिकाळात राणी हिराई येथे राज्य करीत होती. तेव्हा ज्या लोकांचे नाव जगाच्या नकाशांवर व आपल्या दिव्याच्या कोळशावर आहे, त्यांच्याविषयी बोलताना या वसाहतीत उपऱ्यासारखे नवे कोण व जुने कोण, याचा विसर पडता कामा नये.

विद्यार्थिमित्रहो, पुढे तुम्ही शिक्षणाकरिता वा नोकरीकरिता दूरदूर जाल. कोणी परदेशीही जाल. नव्या ठिकाणचे पहिले विचार अवश्य लिहून ठेवा, कारण नव्या डोळ्यांस जे दिसते ते पुढे सवयीने दिसेनासे होते. मात्र चार गोष्टी पाळा. तेथे काय ‘नाही’ याची यादी करण्यापूर्वी तेथे काय ‘आहे’ याची यादी करा. एका वेळी पाहिलेली गोष्ट दुसऱ्या वेळी, आणि साधल्यास दुसऱ्या ऋतूत, पुन्हा पाहा. तेथील भाषेतील निदान दहा शब्द शिका. आणि जे समजले नाही त्याचे कारण स्वतः न ठरविता तेथील मनुष्यास नम्रपणे विचारा. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलांच्या देखत कोणत्याही समाजास आळशी वा मागासलेले म्हणू नये. तो शब्द मुले शाळेत आणतात, आणि तो ज्यास लागतो ते मूल बहुधा शेवटच्या बाकावर गप्प बसलेले असते.

त्या निबंधाची पुढील हकीकत सांगून हा लेख पुरा करितो. दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गापुढे आपली चूक कबूल केली. त्यानंतरच्या रविवारी तो मुलगा, त्याचे वडील, ती विद्यार्थिनी व आम्ही असे चौघे जण तिच्या आजोळी गेलो, आणि या खेपेस रात्रीचा मुक्काम केला. पहाटे तिच्या आजीच्या मागून, हातात काठ्या व विजेऱ्या घेऊन आम्ही मोहाखाली गेलो. तासाभरात आजीची टोपली भरली; आमच्या चौघांची मिळूनही अर्धी झाली नव्हती. फुले वाळत घालताना आजीने नातीमार्फत आम्हांस एक प्रश्न केला. एकदा ती ऊर्जानगरला येऊन राहिली होती. ती म्हणाली, “तुमच्या गावात रात्रभर दिवे जळतात. मग तुमची माणसं निजतात तरी केव्हा?”

मुलाचे वडील केंद्रात रात्रपाळीस असतात. ते हसून म्हणाले, “आजी, मी दुपारी निजतो.”

मुलाने नवा निबंध लिहिला आहे. तो पहिल्यापेक्षा लहान आहे, आणि त्यात केवळ एका मोहाच्या झाडाचे वर्णन आहे. त्यास किती गुण द्यावे, हे आम्ही त्या विद्यार्थिनीस विचारले. तिने निबंध दोनदा वाचला, एका ठिकाणी ‘टोळ’ हा शब्द चुकला होता तो नीट करून दिला, आणि वही आमच्या हाती परत केली.